सहावं रीळ आधी

३ मार्च, सोमवार

आधी विचारपूस. डावं प्रोजेक्टर मशीन — खोकतंय. उजवं — ठणठणीत. बायकोचा गुडघा — कालच्यासारखाच. माझे डोळे — ते राहू दे.

थिएटरचे मालक आज केबिनमध्ये चढून आले. "काका, मागच्या रविवारी जुन्या रहस्यपटाला पोरं कशी खिदळली, ऐकलंत ना? या रविवारीही हसली, तर मशीन भंगारात."

ऐकलं. कड्यावरून नटीच्या जागी बाहुली पडली तेव्हा हसली. होतीच ती बाहुली! पण एके काळी ती पडताना लोकांनी धास्तीने खुर्च्यांचे हात उपटले होते.

६ मार्च, गुरुवार

येत्या रविवारी लागणारं चित्र नातीने आधीच पाहिलंय. "आजोबा, खुनी डॉक्टरच, हे दहा मिनिटांत कळतं. मग दोन तास बघायचं काय?"

शहाणी!

९ मार्च, रविवार

अंगात त्राण नाही, तरी लिहितो.

आठ रिळांचं चित्र. चौथं संपलं, पुढचं सुरू केलं — आणि पडद्यावर डॉक्टर कपात विषाची पुडी सोडतोय! म्हणजे हे सहावं! पाचवं टेबलावर तसंच. डब्यावरचा आकडा नीट दिसलाच नाही. थांबवलं तर बोंब. म्हणून सहावं संपल्यावर मुकाट्याने पाचवं लावलं.

सहाव्याच्या शेवटी कप बाईच्या ओठांशी. आणि पाचव्यात तीच बाई डॉक्टरला हसत म्हणते, "तुमच्याशिवाय मला आहे कोण?"

झरोक्याला कान लावला. हसू नाही. खोकला नाही. मग एक पोरगी ओरडली — "अगं, त्याच्या घरी जाऊ नकोस!"

खुनी कोण ते आपल्याला ठाऊक, तिला नाही — म्हणूनच जीव टांगणीला! चाळीस वर्षं रिळं फिरवतोय, उमगलं आज.

१० मार्च, सोमवार

मालकांनी पाठ थोपटली. "मुद्दाम उलटं लावलंत! काय डोकं, काका! आता दर रविवारी जुनं चित्र."

आयतं कौतुक — गोड, पण घशाखाली उतरेना.

११ मार्च, मंगळवार

मालकांना सांगून टाकलं — डोकं नव्हे, डोळे. केबिनची किल्ली त्यांच्या हातात दिली. खेळ चालू राहणार. मशीन थिएटरच्या वायरमनला शिकवतोय.

शेवटचं रीळ चालू असताना मी कायम मागचं गुंडाळत बसायचो. शेवट नुसता ऐकलाय. येत्या रविवारी बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसणार. दिसेल तेवढं.

ती म्हणाली, "खुनी कोण, ते आधीच सांगून ठेवा."