आधीच्या वाक्यापासून

४ जानेवारी

नवीन पुस्तक हातात आलं. नवीन कसलं – पन्नास वर्षांपूर्वीचं! मुखपृष्ठावर तीच ती, मान वळवून उभी. मागे तो, अर्धा सावलीत. पाहिलं मात्र, मी पंधरा वर्षांची झाले. तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलं होतं हे. तीनदा. आता मोठ्याने वाचायचं, माइकसमोर!

काचेपलीकडचे काका म्हणाले, "एकोणीस प्रकरणं, ताई. महिनाभरात उडवू." रेकॉर्डिंग तेच करतात. सोळा वर्षं माझा आवाज त्यांच्या हातात आहे.

ठमीला सांगितलं. म्हणाली, "प्रेमकथा? सुटले बाई! मागच्या त्या पचनाच्या पुस्तकाने माझं जेवण गेलं होतं." लेक माझा कान आहे. कापून-सांधून तयार झालेली प्रकरणं तिच्याकडे येतात. पुस्तक समोर धरून ती ऐकते आणि चुकांचा कागद लिहून देते. 'पान ११२ – इथे आईने आवंढा गिळला आहे.' आईच्या चुका काढायचं हक्काचं काम!

७ जानेवारी

चार प्रकरणं झाली. ती खोली म्हणजे कपाटच. भिंतींना फोम, एक स्टूल, एक दिवा, पंखा बंद. पोट गुरगुरलं तरी रेकॉर्ड होतं.

आज बारा टाळ्या. जास्तच. चुकलं की थांबायचं, एक टाळी वाजवायची, काकांनी "चालू आहे" म्हटलं की आधीच्या वाक्यापासून परत वाचायचं. काकांच्या पडद्यावर आवाजाची रेघ पळत असते, तिच्यात टाळीचा उंच काटा उठतो. काका मागाहून काटा शोधतात, मधलं कापतात, टोकं जोडतात. चूक कधी झालीच नव्हती!

ठमी लहानपणी घरीही असंच करायची. दूध सांडलं की टाळी. "आई, आधीच्या वाक्यापासून!" पेला परत उभा, चेहरा निरागस. आज आठवून त्या कपाटात एकटीच हसले. काका काचेतून म्हणाले, "ताई, नायिका रडतेय सध्या."

१० जानेवारी

गोष्ट मला जशी आठवत होती तशी नाही. म्हणजे गोष्ट तीच आहे.

तो मळ्याचा मालक. ती त्याच्या भाच्यांची शिक्षिका. ती पैशावर भाळते की माणसावर, ते बघायला तो स्वतःच्याच मळ्यावर कारकून बनून राहतो. आठ महिने! खोटं नाव, खोटा गाव, खोटी मेलेली बहीण. ती त्याच्यापाशी मन मोकळं करते – मालक कसा असेल, मला ठेवेल का, काढेल का. तो ऐकून घेतो. तिला शहरातल्या शाळेचं पत्र येतं, तेही दाबून ठेवतो. टपाल त्याच्याच हातून जातं ना!

पंधराव्या वर्षी मी या पानावर उशी कवटाळली होती. केवढं प्रेम, की सोडवतच नाही!

आज त्याच ओळीवर अडखळले. टाळी.

१५ जानेवारी

इंजिनियर आला होता चहाला. ठमीशी लग्न करणार आहे, म्हणजे जावईच. पण तारीख ठरायची आहे म्हणून मी अजून मनात 'इंजिनियर'च म्हणते. मुलगा चांगला आहे. उठून कप आत नेऊन ठेवतो.

बोलता बोलता त्याने सांगितलं. गेल्या वर्षी, ओळख नवी असताना, त्याने दुसऱ्याच नावाने ठमीला मेसेज पाठवले होते. महिनाभर. कोणी अनोळखी माणूस, गोड गोड बोलणारा. ती काय उत्तर देते ते बघायला.

"आणि हिने काय केलं माहितीये? एकही उत्तर दिलं नाही! शेवटी ब्लॉक! मी म्हटलं, मुलगी पास."

ठमी हसली. "शंभरपैकी शंभर!"

हे तर मांडीवर थाप मारून हसले. "अरे, तू माझ्या वरताण निघालास! मी निदान एक पत्रच लपवलं होतं." मग त्यांची गोष्ट सुरू झाली. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाने ऐकलेली. लग्नाला सहा महिने झाले होते. मला रेडिओकडून आवाजाच्या चाचणीचं बोलावणं आलं. परगावी. यांनी पत्र दाढीच्या डब्यात ठेवून दिलं. "म्हटलं, ही गेली तर परत येते की नाही कोण जाणे! तारीख उलटून गेली, आणि एक दिवस ब्लेड शोधताना हिलाच सापडलं. आता पुढचं तू सांग."

पुढचं नेहमी मी सांगते. जरा थांबायचं, सगळ्यांकडे बघायचं. "मी काय – हसलेच! म्हटलं, एवढं कोणाला हवं असणं, रेडिओ काय देणार होता मला?"

सगळे हसले. कुठे थांबायचं ते मला चांगलं कळतं. तेच तर काम माझं.

१६ जानेवारी

काल ठमी हसण्याआधी क्षणभर थांबली होती. आणि मग हात तोंडावर.

ते हसणं माझं आहे.

२१ जानेवारी

अठरावं प्रकरण. कबुली. तो सगळं सांगून टाकतो – मीच मालक, पत्र मीच ठेवून घेतलं. आणि ती त्याच्या छातीवर डोकं टेकून म्हणते, "तुम्ही मला फसवलंत, म्हणून तर कळलं मला – तुमचं किती प्रेम आहे ते."

एक वाक्य. शाळेतली मुलगीही वाचेल.

पहिल्यांदा वाचलं. काका म्हणाले, "गोड आहे, पण ती हुंडका देतेय का? पुस्तकात नाही." टाळी. दुसऱ्यांदा. "आता ताई, तुम्ही टोमणा मारताय त्याला." टाळी. पाचव्यांदा – "ती लाजतेय हो. तुम्ही कोर्टात साक्ष देताय." मला हसू आलं. टाळी. नऊ, दहा, अकरा. हात दुखायला लागले, खरंच.

अकराव्या टाळीनंतर मी वाक्य वाचलंच नाही. पुस्तक मिटलं आणि बोलत सुटले. माइक चालू, लाल दिवा समोर. म्हटलं, "मी हसले नव्हते. मला पत्र सापडलं तेव्हा मी हसले नव्हते, काका."

आणि बरंच काही. सगळं.

काचेपलीकडे काकांनी हेडफोन काढला. मग हळूच म्हणाले, "पाणी प्या ताई. ते मी कापतो. काळजी करू नका."

मग मी ते वाक्य आवाजात काहीच न घालता वाचलं. तारीख-वार वाचावा तसं. "हे ठेवतो," म्हणाले.

२२ जानेवारी

एकदा लिहूनच ठेवते, खाडाखोड न करता.

पत्र हातात घेऊन मी न्हाणीघरात गेले. कडी लावली, नळ सोडला, बादलीवर बसून रडले. चाचणी होऊन नऊ दिवस झाले होते. बाहेरून सासूबाई – "अगं, पाणी किती सोडलंयस!" बाहेर आले तर समोर त्या, नणंद, आणि मागे हे. पांढरेफटक. माझे डोळे लाल. "काय गं, काय झालं?"

मी यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांचा माणूस, दारामागे चोरासारखा उभा. मला त्यांची कीव आली. आणि स्वतःची लाज वाटली – नवऱ्याने फसवलेली बाई म्हणून उभं राहायची. म्हणून पत्र उंच धरलं आणि म्हटलं, "बघा तुमच्या मुलाचे प्रताप!" आणि हसले. सासूबाई हसल्या. यांचा जीव भांड्यात पडला.

यांनी फक्त पत्र लपवलं. गोष्ट मी रचली. नळ मी कापला, टोकं मी जोडली. आणि ही गोष्ट माझ्या मुलीला झोपवताना सांगितली मी! "बाबांना आई किती हवी होती, बघ." ती म्हणायची, "परत सांग." मी परत सांगायचे.

आता ती शंभरपैकी शंभर मिळवून आली आहे.

२४ जानेवारी

सकाळी विचारलं. "अहो, ते पत्र कुठे असेल हो?"

"कुठलं?"

"दाढीच्या डब्यातलं."

"अगं, ते होय! फाडलं असेल तेव्हाच." वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग चष्म्यावरून पाहिलं. "का गं, आज अचानक?"

"सहज."

थोड्या वेळाने मीठ घालून कोमट पाणी आणून दिलं. "आवाज बसलाय तुझा. गुळण्या कर." पेला हातात घेऊन मी कितीतरी वेळ उभी. वाईट माणूस असता तर किती सोपं होतं.

२७ जानेवारी

आठ फेब्रुवारीला इंजिनियरच्या घरची माणसं जेवायला येणार. तारीख त्याच दिवशी पक्की होईल.

त्याआधी ठमीला सांगायला हवं. रोज तोंड उघडते आणि भलतंच बोलते. "साडी कुठली नेसू?" "पडदे धुवायचे का?" ती म्हणते, "आई, तुला काहीतरी सांगायचंय." मी म्हणते, "छे गं!" आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचली, स्वतःचं एक निघेना.

आणि सांगायचं तरी काय? त्याच्याशी लग्न करू नकोस, असं? ते सांगणं माझ्याकडे नाहीच. तिने काय करायचं ते तिने बघावं. पण मी हसले होते, या भरवशावर नको.

दुपारी काकांना फोन केला.

"काका, अठरावं कापून झालं?"

"आज बसतोय."

"कापू नका. ठमीकडे आहे तसंच जाऊ द्या. टाळ्यांसकट."

सोळा वर्षांत काकांनी न कापलेलं काही बाहेर सोडलेलं नाही. त्यांचा धर्मच तो.

"सगळं, ताई?"

"सगळं."

"बरं," म्हणाले. आणि मग – "पुस्तक काढणाऱ्या कंपनीची फाइल वेगळी ठेवतो. ही तुमच्या घरची."

२९ जानेवारी

तिला फाइल मिळाली. कानात लावून गच्चीत गेली. मी भांडी दोनदा घासली.

खाली आली. म्हणाली, "जेवायला काय आहे?"

१ फेब्रुवारी

चुकांचा कागद आला. नेहमीप्रमाणे टेबलावर, पेपरवेटखाली. सगळी प्रकरणं ओळीने. दुसरं – पान २१, 'ओसरी' दोनदा. सातवं – खुर्ची करकरली. तेरावं – मागे कुत्रा.

अठरावं – चुका नाहीत.

ऐकलं की नाही? अकरा टाळ्या आणि चुका नाहीत? मी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

५ फेब्रुवारी

ठमी गप्प आहे. इंजिनियरशी फोनवर बोलते, हसतेही. मी कान देऊन ऐकते. आधी ती थांबते का? थांबते.

काकांना विचारलं, ती काही बोलली का. म्हणाले, "ताई, मी फक्त रेघ बघतो." मग म्हणाले, "अठरावं कापायचं राहिलं की मुद्दाम ठेवलं, एवढं मात्र विचारत होती." याचा काय अर्थ लावायचा?

८ फेब्रुवारी

जेवायला आठ माणसं. इंजिनियरचे आईवडील साधे, भिडस्त. त्याची आई मला म्हणाली, "तुमचा आवाज फार ऐकलाय हो, स्वयंपाक करताना." बरं वाटलं.

जेवण संपत आलं, आणि यांनी खुर्ची मागे सरकवली. मला कळलं. गोष्टीत दाढीचा डबा आला. ब्लेड आलं. इंजिनियरने त्यांच्याआधीच हसायला सुरुवात केली. "आता पुढचं तू सांग."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जरा थांबले – नेहमीसारखी.

"मी काय – हस..."

आणि हात उचलले गेले. टाळी. एकच.

"डास होता का?" यांनी विचारलं.

ठमीने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे सरळ बघत, शांतपणे, काकांच्या सुरात म्हणाली, "चालू आहे, आई. आधीच्या वाक्यापासून घे."

मी घेतलं. पत्र सापडलं, कडी लावली, नळ सोडला. आवाज चढवला नाही, कापरा केला नाही. तारीख-वार वाचावा तसं. बादली भरून वाहिली तिथवर.

यांनी मान खाली घातली. म्हणाले, "तू रडली होतीस?"

"हो."

"मग मला इतकी वर्षं..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. मीही सुचवलं नाही.

इंजिनियरची आई उठली आणि सगळ्यांना पाणी वाढलं. माझा पेला भरताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता. जरा जास्तच वेळ.

तारखेचं कोणी काढलं नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी हे न्हाणीघराच्या दारात उभे होते, नळाकडे बघत.

दुपारी इंजिनियर आला. ठमी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटलं. त्याचं बोलणं आधी, भराभर, हसत-हसत. शब्द कळत नव्हते.

मग टाळी ऐकू आली. माझी नव्हे, ठमीची.