एकतिसावं नाव

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

निमंत्रण आलं. नगरच्या कॉलेजातल्या फिल्म क्लबचं. आतल्या पत्रावर अहिल्यानगर, पाकिटावरच्या शिक्क्यात अजून अहमदनगर. 'उपस्थिती'तली वेलांटी चुकलेली. लाल पेनने दुरुस्त केली, मग लक्षात आलं की हे कुणाला तपासून परत द्यायचं नाहीये.

२० ते २२ फेब्रुवारी, तीन दिवसांचा महोत्सव. नाव 'दशकाचे नायक'. २०११ ते २०२० या दहा वर्षांत ज्या नटांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, त्यातल्या पाच जणांचे सिनेमे. शेवटचा रविवारी — आमच्या गावात झालेला. त्यातला नट सुश्रुत येणार आहे. त्याच्या हस्ते माझा सत्कार. 'सपत्नीक यावे.'

सपत्नीक! तिथेच अडकलोय.

३ फेब्रुवारी

पट तेवीस, हजर नऊ. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला. बीपीची गोळी घेतली.

६ फेब्रुवारी

मनकर्णाला पत्र दाखवलं नव्हतं. पण फिल्म क्लबच्या रुचाने घरच्या नंबरवर फोन केला आणि तो हिनेच उचलला. संध्याकाळी म्हणाली, जाऊ. चाळीस दिवस आपल्या घरी जेवलेला माणूस आहे, त्याला बघायचंय. तिने त्याला दुधात भाकरी चुरून खायला शिकवलं होतं. तो आधी चमचा मागायचा.

मी म्हणालो, शाळा आहे. ती म्हणाली, रविवारी?

८ फेब्रुवारी, रविवार

लिहून टाकतो. मे महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त होणार. अजून कशाची वाट पाहायची?

सप्टेंबर २०१४. माझी मुलगी दिशा नऊ वर्षांची. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात, चौथीत. डेंग्यू झाला. मनकर्णा आणि तिचा भाऊ भीमा तिला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेले. माझी मोटरसायकल भीमाने नेली. शाळा दोन शिक्षकी, दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला. मी म्हणालो, शाळा उघडून, सरपंचांना सांगून येतो.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेत होतो. सहावं की सातवं नाव. भीमाचा फोन. "दाजी, हाय तसं निघा. डॉक्टर लवकर बोलवा म्हनत्यात." फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती. हॉर्न वर्गात ऐकू येत होता.

मी फोन खिशात ठेवला आणि हजेरी पुढे चालू केली. एकतिसाव्या नावापर्यंत. पत्रक मिटलं. मग पळालो. जीप गेली होती. पुढची सव्वा तासाने. दवाखान्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. दिशा बारा चाळीसला गेली. शेवटी बाबा कुठंय म्हणून विचारत होती, असं भीमा म्हणाला. मनकर्णाने विचारलं, उशीर का झाला. मी म्हणालो, गाडी मिळाली नाही.

एवढंच. खोटं म्हटलं तर खोटं नाही.

९ फेब्रुवारी

काल लिहिलं म्हणून आज काही वेगळं वाटेल अशी कल्पना होती. नाही. जेवलो, झोप लागली. मला काही वाटत नाही, ही तक्रार नाही. दात काढल्यावर गाल जसा आपला नसतो तसं. फक्त भूल उतरलीच नाही.

११ फेब्रुवारी

सुश्रुतची गोष्टही लिहायला हवी.

पुण्याचा पोरगा. डिसेंबर २०१५ मध्ये आला. सिनेमात त्याला ऊसतोड कामगार व्हायचं होतं — फडात असताना ज्याची मुलगी गावाकडे मरते असा. कुणीतरी त्याला सांगितलं, ते गुरुजी भाषा शिकवतील. आणि मुलीचंही सांगितलं असणार. बाहेरच्या खोलीत राहिला. 'हाय' आणि 'न्हाई' पहिल्या आठवड्यात बसलं. उकिडवं बसायला महिना लागला.

एकदा तुरीच्या शेंगा सोलत होतो. मनकर्णा देवळात गेलेली. त्याने विचारलं, "गुरुजी, फोन आला तेव्हा तुम्ही काय केलंत?" सव्वा वर्षात सगळ्यांनी मला सांगितलं होतं की धीर धरा. काय केलं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं — हजेरी पुरी केली. तो सोलायचा थांबला. त्याने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं का, ठाऊक नाही.

सिनेमात त्याने हजेरीच्या जागी मोळ्या घेतल्या. बापाला फोन येतो आणि तो राहिलेल्या मोळ्या बांधून ट्रकमध्ये चढवतो, मोजत मोजत. त्या एका प्रसंगावर सर्वोत्कृष्ट अभिनेता. परीक्षकांचं म्हणणं पेपरात आलं होतं. 'श्रमिकाच्या कर्तव्यनिष्ठेचं अश्रूंविना दर्शन.' कात्रण शाळेच्या कपाटात आहे.

मी तो सिनेमा अजून पाहिलेला नाही.

१२ फेब्रुवारी

मनकर्णाने पाहिलाय. २०१७च्या मे महिन्यात तोडीवरून सगळे परतले तेव्हा शाळेच्या मैदानावर पडदा लावला होता. सगळं गाव आपला पिच्चर बघायला. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. ती रतनबाईबरोबर गेली. रतनबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवायची ती. परत आल्यावर मनकर्णा म्हणाली, चांगला हाय. आणि भांडी घासायला बसली.

मोळ्या बघून हजेरी कशी कळणार? नाहीच कळली. पण रविवारी सुश्रुत माईकवर सगळं सांगेल. ही शेजारी बसलेली असेल. बारा चाळीस आणि दीड — यातला हिशोब तिला दोन मिनिटांत लागेल. मग ती या घरात माझ्याबरोबर राहील का? अडतीस वर्षांचा संसार. त्यातलं एवढंच एक मी तिच्यापासून लपवलं आहे.

१४ फेब्रुवारी

रुचाला फोन केला. म्हणालो, सुश्रुतला सांगा, शाळेतलं काही बोलू नको. ती म्हणाली, "पण सर, तीच तर सगळ्यात सुंदर गोष्ट आहे." सुंदर!

सुश्रुतचा नंबर लागत नाही. मॅनेजर म्हणाला, सर शूटला आहेत, निरोप देतो.

१७ फेब्रुवारी

निरोपाचं उत्तर नाही. पट तेवीस, हजर नऊ.

एक आठवलं. मनकर्णा आधी दरवर्षी सप्टेंबरात विचारायची. भांडून नाही, सहज. 'त्या दिवशी एकबी गाडी न्हवती का व्हो?' मी म्हणायचो, नव्हती. गेली काही वर्षं विचारत नाही. कंटाळली असेल.

आणि हेही. दिशाला जाऊन आठवडा झाल्यावर रतनबाई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, गुरुजी, त्या दिवशी तुमच्या हजेरीच्या आकड्यापरमानं खिचडीचं एक ताट उरलं. मी म्हणालो, घाईत चुकलं असेल. ती बरं म्हणाली. माझं मोजणं कधी चुकत नाही, हे तिला माहीत होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा. दुपारी एकटाच नगरला जाऊन आलो. म्हटलं बघावं, नायक काय करतात.

एक सिनेमा पूर्ण, दुसरा अर्धा. पहिल्यात नायक आंधळा आणि दारुडा. दुसऱ्यात नायकाची बायको मरते आणि तो नदीत उभा राहून ओरडतो. पुरी चार मिनिटं. चांगलं काम, खोट काढता येणार नाही. शेजारचा पोरगा डोळे पुसत होता. पाचही सिनेमांचं पत्रक वाचलं — कुणी वीस किलो वजन घटवलं, कुणी सहा महिने स्मशानात राहिला. पुरुषाला पुरस्कार हवा तर कुणीतरी मरावं लागतं असं दिसतं. बहुतेक बाईच.

न रडलेला एकटा सुश्रुतच. त्याच्या नावाखाली छापलंय, 'मौनाचा अभिनय'.

ते मौन माझं आहे. पण मी अभिनय करत नव्हतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

मनकर्णाने हिरवं लुगडं नेसलं. वाटेत ठरवलं होतं, बसमध्ये तिला आधीच सांगून टाकू. करंजी घाट आला, गेला. चिचोंडी गेली. सांगितलं नाही. भित्रा माणूस.

सिनेमा पाहिला. फडातला प्रसंग आला. सुश्रुत फोन कमरेला खोचतो, वाकतो, मोळी बांधतो, उचलतो. आणि प्रत्येक मोळीला उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवतो. एक, दोन, तीन. मला माहीतच नव्हतं की मी असं मोजतो! त्याने ते कधी उचललं कोण जाणे. मी माझा हात पाहिला. अंगठा करंगळीच्या पेरावर होता. मनकर्णाही पडद्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत होती.

मग भाषणं. सुश्रुत जाड झालाय, केसही गेलेत, पण पाया पडला. माईकवर म्हणाला, "हा पुरस्कार माझा नाही, गुरुजींचा आहे." आणि सगळं सांगितलं. फोन, वर्ग, हजेरी, शेवटच्या मुलापर्यंत. म्हणाला, या मातीतला माणूस मुलगी मरणाच्या दारात असतानाही कर्तव्य सोडत नाही. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी बुटांकडे पाहत होतो. एका बुटाची नाडी सुटली होती.

मनकर्णा टाळ्या वाजवत नव्हती.

येताना बसमध्ये ती खिडकीशी. शाल आणि नारळ माझ्या मांडीवर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेलो नाही. नोकरीत पहिल्यांदा न कळवता रजा.

सकाळी ती ज्वारी पाखडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. म्हणालो, काल ऐकलंस ते खरं आहे. जीप उभी होती. मी आलो नाही.

ती पाखडत राहिली. मग म्हणाली, "त्याला काईच कळलं न्हाई."

कुणाला?

"त्या सुश्रुतला. टाळ्या वाजवनाऱ्यांनाबी. म्हनं कर्तव्य!" सूप खाली ठेवलं. "पोरांची नावं आधी, पोरींची मागनं. त्यात दिशा चौथीत तुमच्या शाळंत आली, म्हंजी समद्यात शेवटी. तिचं नाव आल्याबिगर तुमी उठनार न्हवता."

हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, मैदानावर पडदा लावला तेव्हाच. तो अंगठा बघून. वर्गात डबा द्यायला यायची तेव्हा दारातून पाहिलेलं होतं तिने — पोरं हजर म्हणायची आणि माझा अंगठा पेरांवरून फिरायचा. तो मोळ्या मोजत नव्हता, हजेरी घेत होता, म्हणाली. घरी येऊन रात्रभर संताप संताप झाला. दोन दिवस माहेरी जायची पिशवी भरून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी तिला नावांचा क्रम आठवला आणि पिशवी रिकामी केली.

म्हणून गाडीचं विचारायची थांबली. नऊ वर्षं.

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुमी बोलायची वाट बघत हुते. मास्तर मानूस, लई हळू चालतं तुमचं."

तिने सूप उचललं. मी जागचा उठलो नाही. दुपारपर्यंत तिथेच बसलो, ती उठून गेल्यावरही.

२४ फेब्रुवारी

पट तेवीस, हजर नऊ. हजेरी घेताना एकच नाव दोनदा घेतलं. पोरं हसली.

२५ फेब्रुवारी

सकाळी चहाचा कप हातात देताना मनकर्णाने विचारलं, "तिच्या नावापुढं काय मांडलं हुतं?"

हे सुश्रुतने विचारलं नव्हतं. कुणीच नाही.

हजर, म्हणालो.