गाईल त्याचं बाक

२ एप्रिल १९६०, शनिवार

ठरलं म्हणजे ठरलं. ३० तारखेला आपल्या दुकानात गाणं! एक मेला महाराष्ट्र होणार, मुंबईसकट. आदल्या दिवशी सगळं गिरगाव रस्त्यावर नाचणार आणि ठाकूरद्वारचं आमचं सात बाकांचं दुकान काय कुलूप लावून बसेल?

आजोबांनी ताडी-माडी विकायला काढलेलं दुकान. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याचा बार केला, दारूबंदीने त्याचं सोडावॉटर केलं. पण दर शनिवारचं गाणं मी बंद पडू दिलं नाही. कोकम सरबतावरही माणसं गातात. जरा उशिरा रंगतात, एवढंच.

अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "कर काय करायचं ते." मान वर नाही. दारूबंदीच्या दिवशी त्यांची क्लॅरोनेट पेटीत गेली ती गेली. लोक दारूला रडले, मी क्लॅरोनेटला. ३० ला अण्णांनी वाजवलं पाहिजे. बाकी काही झालं नाही तरी चालेल. (नाही, चालणार नाही. सगळंच झालं पाहिजे.)

४ एप्रिल, सोमवार

वाजवणाऱ्यांच्या शोधात वणवण. आधी खोताच्या वाडीत पास्कूमामाकडे. त्याच्यासारखी फिडल (व्हायोलिनला तो फिडलच म्हणतो) गिरगावात कुणाची नाही. पण माझ्या ध्यानातच नाही, त्यांचे उपासाचे दिवस चालू! "ईस्टर होईपर्यंत फिडल पेटीत, मालू. दारूबंदी सरकारची, ही देवाची." म्हटलं, देव निदान सुटायची तारीख तरी सांगतो. खो खो हसला. सतराला ईस्टर, त्यानंतर हजर म्हणाला.

तिथून परळ, गाण्यासाठी भिकाजीकडे. गिरणीतल्या पाळीवरून नुकताच आलेला, कानात अजून कापूस. चाळीत घरोघरी निळ्या पताका कापणं चालू. "चौदापर्यंत गळा बाबासाहेबांच्या जयंतीचा, ताई. मग तुझा." तोवर शनिवारी ढोलकीला आपला एक माणूस पाठवतो म्हणाला. मिशीवाला आहे, बघताच ओळखशील.

एकाची फिडल देवाकडे, एकाचा गळा जयंतीकडे, बापाची क्लॅरोनेट रुसून बसलेली. हा उत्सव आहे की एकादशी? तरी घरी येताना जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लग्न ठरलं की काय गं?" म्हटलं, चौतिसाव्या वर्षी आता राज्यच ठरलंय काकू, नवरा कशाला?

९ एप्रिल, शनिवार

घाईत लिहितेय. अक्षर उद्या मलाच वाचता आलं म्हणजे मिळवलं.

संध्याकाळी दुकान भरलेलं. दत्तूभाऊ आपल्या बाकावर, काठी बाकाला टेकवून. दत्तूभाऊ (यापुढे द. भा., हात दुखतो) म्हणजे आमचा पोवाडा. ते नसतील तर शनिवार म्हणजे नुसता सोडा, तोही गॅस उडालेला. छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलिसांची लाठी बसून गुडघा गेला, आवाज मात्र आणखी चढला.

दारात एक धिप्पाड मिशीवाला, साध्या सदऱ्यात. भिकाजीचा माणूस! बाहीला धरून आत ओढला.

"अवो बाई, म्या..."

"आधी गाणं, मग बोलणं. नवा माणूस गायल्याशिवाय इथे बसत नाही. आणि एकदा गायला की बाक त्याचं, कुणी उठवायचं नाही. आमच्या आजोबांचा नियम आहे."

सगळ्यांनी बाकं बडवायला सुरुवात केली. बिचारा कानापर्यंत लाल. मग डोळे मिटले आणि एवढ्या मोठ्या देहातून एकदम बाईची ओवी निघाली.

दळण सरलं बाई, जातं तरी थांबेना...

अगं बाई! काय आवाज! भाकरीच्या पिठासारखा मऊ. बाटली उघडायची म्हणून हातात धरली ती तशीच राहिली. आणि सहज काउंटरकडे पाहिलं तर अण्णा! मान वर! बोटं काउंटरवर ताल धरतायत! अकरा वर्षांनी!

तेवढ्यात दारात दुसरा मिशीवाला, काखेत ढोलकी. "भिकाजीनं पाठवलंय."

गाणं तिथेच तुटलं. म्हटलं, मग हा कोण?

"चौकीवरनं आलोय, बाई. हवालदार. तीस तारखेला भोंगा लावनार असाल तर परवानगी काढा, येवढंच सांगाया आल्तो."

द. भा. उठले, काठी घेतली, टोपी घातली. सरबताचा ग्लास भरलेला. दारातून एवढंच म्हणाले, "मालू, आता पोलिसांनाही बाक?" आणि गेले. हवालदारही खाली मान घालून निघून गेला.

१० एप्रिल, रविवार

द. भा.नी निरोप धाडला. "तो हवालदार बाकावर असेल तर मी नाही."

बरोबरच आहे त्यांचं. मीच एक येडी, मिशी बघितली आणि धावले! मुंबईत मिश्या काय दोनच आहेत?

अण्णांना विचारलं, काय करू? माझं ऐकलंच नाही त्यांनी. म्हणाले, "दुसऱ्या ओळीला तो वर गेला असता की खाली?"

"कोण?"

"तोच गं. जातं तरी थांबेना. तिथे सूर लोंबकळत राहिलाय. पुढे कुठे जातो तो?"

१३ एप्रिल, बुधवार

अण्णांनी पेटी उघडली!!

मला न सांगता. मी भाजी घेऊन आले तर क्लॅरोनेट मांडीवर, चाव्यांखालच्या गाद्या वाळवीने खाल्लेल्या, आणि अण्णा एकेक शिवी हासडतायत. वाळवीला, सरकारला, स्वतःला. शिव्या इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या. लगेच वाद्यवाल्याकडे घेऊन गेले. माणूस म्हणाला, आठ दिवस. अण्णा म्हणाले, "चार."

पण कारण तेच. दुसरी ओळ. जेवताना गुणगुणतात, घास हातात धरून थांबतात. ती कळल्याशिवाय वाजवणार नाही म्हणतात. आणि ती ज्याला येते तो दुकानात आला तर द. भा. जाणार. द. भा.शिवाय ३० तारीख? त्यांच्या गुडघ्याच्या बदल्यातच तर आली ती तारीख.

१८ एप्रिल, सोमवार

पास्कूमामाचा ईस्टर झाला, फिडल सुटली. येताना मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेची, अंडी घेऊन आला. भिकाजीची जयंतीही पार पडली, गळा जरा बसलाय पण म्हणतो मिरी चघळतोय. आणि क्लॅरोनेट दुरुस्त!! सगळे तालमीला. काय धमाल! फिडलवर ढोलकी चढली तेव्हा समोरच्या माळ्यावरच्या बायका लाटणी हातात घेऊन गॅलरीत.

अण्णांनी पहिली ओळ वाजवली. एकच. मग थांबले. पास्कूमामा म्हणाला वर जाते. भिकाजी म्हणाला, छट्, जात्यावरची ओवी आहे, खालीच येणार. दोघांनी वाजवून, गाऊन दाखवलं. अण्णांनी दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. क्लॅरोनेट पुसून परत पेटीत.

द. भा.चं बाक रिकामं. त्यावर कुणी बसलं नाही, मी सांगितलं नव्हतं तरी.

२० एप्रिल, बुधवार

भोंग्याच्या परवानगीचं निमित्त काढून पोलीस लाइनीत गेले. हवालदाराच्या बायकोने चहा ठेवला. तिला विचारलं, ओवी येते का? लाजली, म्हणाली, ती सासूबाईंची हो, ह्यांनाच ठावं.

हवालदाराला म्हटलं, दुसरी ओळ सांगा, मी निघते.

त्याने बशी खाली ठेवली. मग, "बाई, छप्पन्न साली म्या बी लाठी घिऊन रस्त्यावर व्हतो. कुनाकुनाला लागली, म्हाईत न्हाई. त्या दिशी गाताना डोळं उघडलं तर म्होरं त्या उठून गेलेल्या भाऊंची काठी. बरं झालं अर्धीच ऱ्हायली. आता सांगवत न्हाई."

राग आला. रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही, आणि माझं तोंड बंद म्हणजे काय ते गिरगावाला विचारा. चहा अर्धाच टाकून उठले. जिन्यात वाटलं, त्या बाईचा काय दोष? परत वर जाऊन संपवून आले.

२४ एप्रिल, रविवार

आज द. भा.च्या घरी. चाळीच्या गॅलरीत पाय लांब करून बसलेले. गुडघ्याला तेल चोळत होते. हवालदार जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. लपवलं नाही काही.

ओरडले. सगळा मजला बाहेर आला. "तुझ्या आज्याचा नियम माझ्या गुडघ्यापेक्षा मोठा?"

म्हटलं, "नाही. पण गायलेल्याचं बाक काढून घेतलं तर ते दुकान आजोबांचं राहत नाही. आणि तुम्ही आला नाहीत तर माझं राहत नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा."

तेलाची वाटी बाजूला सरकवून म्हणाले, "आणि नियमच काढतेस तर नियमाने बोल. तो अर्धीच गायलाय. अर्ध्या गाण्याला बाक नाही."

म्हटलं, हे मात्र आजोबांना विचारायचं राहिलं. त्यांना हसू आलं, पण मिशीतच ठेवलं.

जिना उतरताना वरून हाक. "दळणाचीच ना गं ती?"

"हो."

"माझी आय पण जात्यावर..." म्हणाले, आणि पुढे नुसतंच तेल चोळत बसले.

२९ एप्रिल, शुक्रवार

पताका, तोरणं, भाड्याचे कंदील. कोकमाची दोन पातेली. पास्कूमामाने कोट धुवायला टाकला. बाजूचा वाणी, जो जन्मात हसला नाही, तो स्वतःहून बर्फाची लादी देतो म्हणाला! रस्त्यावर जो भेटतो तो विचारतो, उद्या किती वाजता? द. भा.कडून ना हो, ना नाही.

उद्या आमच्या रस्त्यावर बंदोबस्ताला कोण, तर तोच हवालदार. चौकीवरूनच कळलं. नशीबही काय थट्टेखोर असतं.

३० एप्रिल, शनिवार

काउंटरमागे स्टुलावर बसून दोन मिनिटांत लिहिते, नाहीतर हातून निसटेल. दिवे नुकतेच लागलेत. दुकानात पाऊल ठेवायला जागा नाही, अर्धी माणसं फुटपाथवर. भिकाजीने सुरुवातच अशी केली की बाटल्या थरथरल्या. पास्कूमामाच्या कपाळावरून घाम, आणि नाचतोय! साठीचा माणूस! मी एकदा हसते, एकदा डोळे पुसते, एकदा सोडा उघडते.

आणि द. भा. आले!! नवा सदरा, टोपी कडक. सगळं दुकान उभं राहिलं. आपल्या बाकावर बसले, पण एका टोकाला. उरलेल्या बाकावर काठी आडवी ठेवली.

हवालदार समोरच्या फुटपाथवर, खाकी पोशाखात. इकडे बघत नाही. इतकं न बघणं म्हणजे बघणंच.

मग अण्णा उठले. कुणी सांगितलं नव्हतं. क्लॅरोनेट ओठाला लावली आणि ती ओळ. दळण सरलं बाई. देवा रे! अकरा वर्षं ह्या पेटीत होती? फुटपाथवरची माणसं दाराशी दाटली. जातं तरी थांबेना... आणि तिथे येऊन अण्णा थांबले. परत तीच ओळ. परत थांबले. पास्कूमामा वर जाऊ बघतो, भिकाजी खाली. अण्णा मान हलवतात.

आता कुणीच काही वाजवत नाहीये.

द. भा.ची हाक आली आत्ता. सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मालू! तो समोर उभा आहे ना, त्याला म्हणावं, अर्धी राहिलीय ती आत येऊन पुरी कर. बाकाचं मग बघू."

काठी अजून बाकावरच आहे. अण्णांनी क्लॅरोनेट ओठाजवळ धरून ठेवलीय. जाते.