थोरलीनं पाहिलेली लंका

४ फेब्रुवारी १९३७, बेळगाव

निघालो! खरंच निघालो! निपाणीहून मोटारीनं दुपारी खासबागेत माझ्या माहेरी उतरलो. पहाटेची गाडी. हे तंबाखूच्या कामानं दोनदा सिलोनला जाऊन आलेत. यंदा मी हट्ट धरला आणि चक्क हो म्हणाले. आई सारखी विचारतेय, "तिथली भाषा येती का गं तुला?" नाही येत. यांनाही येत नाही. बघू.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरातली बाई समुद्रापल्याड गेली न्हाय अजून. तूच पैली." किती गोड वाटलं ते! लग्नाला तीन वर्षं झाली. या घरात मला मिळालं ते सगळं थोरलीचं वापरून उरलेलं — तिची चूल, तिची पेटी, तिची लुगडी, तिचा नवरा. लग्नात मंगळसूत्राच्या आधी गळ्यात पडला तोही तिचाच टाक! चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईचं चित्र. मेलेल्या सवतीनं छळू नये म्हणून दुसरीनं घालायचा. मनुबाई जाऊन पाच वर्षं झाली, पण माझ्या गळ्यात रोज बसून आहे.

लंका मात्र माझी. एकटीची.

६ फेब्रुवारी, गाडीत

मी खिडकीशी बसले तर हे म्हणाले, "सरक गं आत, कोळसा जातोय डोळ्यात. मनूचा डोळा हितंच सुजलता."

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, "मनूआक्का आलत्या?"

हे बाहेर बघत "हं" म्हणाले. एवढंच!

आलती! म्हणजे सासूबाईंनी माझी समजूत काढली. घरादाराला ठाऊक, मी तेवढी खुळी. डबा उघडला आणि तसाच बंद केला.

८ फेब्रुवारी, आगबोटीवर

मंडपमला, बोटीत चढायच्या आधी, डॉक्टरनं तपासलं. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. त्यानं माझ्याकडं बघून जीभ बाहेर काढली. मला वाटलं, मेला वेडावतोय! मीही काढली. तर खूश होऊन पुढं जा म्हणाला.

बोटीवर दोनदा ओकले. शेजारच्या तमीळ बायकांनी लिंबू दिलं, पाठ चोळली. त्यात माझा टाक पदराबाहेर आला. त्यांना वाटली कुठली तरी देवी! एकीनं हात जोडले, दुसरीनं वेणीतलं फूल काढून टाकाला लावलं. मी मराठीत सांगतेय, कानडीत सांगतेय, "अहो, ही देवी न्हाय, सवत आहे माझी!" त्या आणखीच भक्तीनं माना हलवतात. ओकणारी मी, आणि फूल तिला!

हे लांब उभे राहून बघत होते. हसतील वाटलं. हसले नाहीत.

९ फेब्रुवारी, कोलंबो

मंगळवारचा उपास. हे कामाला गेले, मी खाणावळीत एकटी. दूध हवं होतं. पोऱ्याला मराठीत सांगितलं, मग इंग्रजीचे माझे होते नव्हते ते शब्द संपवले. शेवटी डोक्याला दोन बोटं लावून हंबरले. भर खाणावळीत! पोऱ्या समजलं समजलं म्हणून पळाला आणि ताटभर मटण घेऊन आला. कसलं ते विचारायचीही हिंमत झाली नाही. दिवसभर दोन केळ्यांवर काढला.

हे आल्यावर सांगितलं. पोट धरून हसले. मग म्हणतात, "आगं, मनूनं नुसती दोन्ही हातांनी धार काढून दाखवली. तांब्याभर दूध आलं!"

आलं असेल हो. तिला सगळंच येत होतं.

१० फेब्रुवारी

मनूला शहाळं आवडलं. मनू हत्तीला भ्याली नाही. मनू एकटी बाजारात जाऊन बोटांवर भाव करून बांगड्या घेऊन आली. मनू, मनू, मनू! माझ्याबद्दल हे कुणाला सांगतील तर काय — हंबरली.

११ फेब्रुवारी

आज मीही गेले बाजारात. एकटी. यांना न सांगता. सांगून गेले असते तर त्यात काय मोठेपणा?

बांगड्या मिळाल्या. फसवलं असेल, असू दे. परत यायला माणसानं ओढायच्या रिक्षात बसले आणि मग लक्षात आलं — खाणावळीचं नाव मला कुठं ठाऊक आहे? पिवळी भिंत, समोर नळ, एवढंच. भिंत हातानं दाखवली, नळाची धार दाखवली. रिक्षावाल्यानं माझं कुंकू बघितलं आणि देवळात नेलं. तिथं मी नाही नाही करत रडायला लागले, तर बिचाऱ्यानं समुद्रावर नेलं. बोट चुकली असं वाटलं असेल! पिवळ्या भिंती तर सगळ्या गावाला. शेवटी त्यानं पोलीस चौकीत नेऊन सोडलं. पोलिसानं चहा दिला, तोही काळा.

दिवे लागायच्या सुमाराला हे आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. सगळ्यांदेखत माझा दंड धरला, असा की वळ उठलाय. ओरडतील वाटलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तूबी गेलीस."

तूबी! मी हरवले, मी रडले, मी चौकीत बसले, आणि तिथंही पहिला नंबर तिचाच. रात्री जेवले नाही. यांनीही आग्रह केला नाही.

१३ फेब्रुवारी, कँडी

डोंगरातलं गाव. गार. मधोमध तळं. सुंदर आहे, पण बघायला मन लागत नाही.

इथं एका म्हाताऱ्या सिंहली बाईच्या घरी उतरलोय. तिनं यांना लगेच ओळखलं! एकमेकांची भाषा कुणालाच येत नाही, पण तिनं माझा हात धरून सगळं खुणेनं सांगितलं. यांच्याकडं बोट दाखवलं, मग एकच बोट वर केलं. ओसरीवरची खुर्ची दाखवली, त्यावर स्वतः बसली, गालाला हात लावून तळ्याकडं बघत राहिली. ताट पुढं ओढल्यासारखं केलं आणि परत सारलं. डोळे पुसले. मग मला दाखवून दोन बोटं वर केली आणि टाळ्या वाजवून हसली.

हे उठून बाहेर गेले.

मी काय समजायचं ते समजले. यांना असं एकट्याला उपाशी बसवून ही मनुबाई बाजार हिंडत होती! आणि असल्या बाईचं माझ्यापुढं कौतुक! उद्या तोंडावर बोलणार. काय व्हायचं ते होऊ दे.

१४ फेब्रुवारी

बोलले. तळ्याच्या कठड्यावर बसलो होतो. म्हटलं, "नवऱ्याला उपाशी ठेवून हिंडणारी बाई, आणि तिची आरती मी किती दिस ऐकायची?"

यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मनू कुठं आलती गं? कधीच आली न्हाय. दोन्ही खेपंला मी एकटाच आलतो. दुसऱ्या खेपंला येणार हुती, तवर क्षयानं धरली. म्हणली, तुमी जाऊन या, मला समदं सांगा. परत गेल्यावर रोज उशाशी बसून सांगायचो. ती डोळं झाकून म्हणायची, मी असती तर धार काढून दाखवली असती, मी असती तर एकटी गेली असती बाजारात. ऐकून ऐकून मला वाटाय लागलं, आलतीच. गाडीत तू इचारलंस, तवा न्हाय म्हणवंना."

मी विचारलं, "मग कँडीहून पुढं कुठं गेल्या आक्का?"

"हितवरच," हे म्हणाले. "पुढचं सांगायचं ऱ्हायलं."

उद्या सकाळी पुढच्या गावाची, नुवारा एलियाची गाडी. तिथं माझ्याआधी आक्का गोष्टीतही गेलेल्या नाहीत. घरातून निघताना मला हेच हवं होतं. आता पेटी भरायला हात उचलत नाही.