अबोलीवरचे सुरवंट

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, ज्ञानी माणूस गेला. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही हायस्कुलात शास्त्र शिकवायचात. मालवणात कुणाला अनोळखी मासा, शंख, किडा सापडला की तो आपल्या ओट्यावर यायचा, आणि तुम्ही नाव सांगितलं नाही असं कधी झालं नाही. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. मी सातवीत असेन. आई परसात अबोली काढायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. "अहो, हे कसले सुरवंट? असले मी कधी बघूक नाय." मी धावले. काळे, पाठीवर तांबड्या गाठी, पांढऱ्या केसांचे झुबके. खाली पानं दिसत नव्हती. तुम्ही पायरीवरूनच बघितलंत. घरात मालवणी बोललेली तुम्हाला खपत नसे, कपाळावर तेवढीच आठी. "शेवग्यावरची अळी आहे. निरुपद्रवी. झाडून टाक."

शेवगा शेजारीच होता. त्याच्यावर एकही नव्हती.

"पलितो लावन जाळूया काय?"

"सांगतोय ना मी!"

तिनं खराटा घेतला. वारा समुद्राकडून होता. संध्याकाळपर्यंत तिचा डावा डोळा सुजून मिटला. "बाय, डोळ्यात कुसां गेलीत गो," ती मला सांगत होती, तुम्हाला नाही. तुम्ही आतून म्हणालात, पाण्यानं धू. धुतला, पुन्हा धुतला. बुबुळ पांढरं दिसायला लागलं तेव्हा कुठं तुम्ही तिला एस.टी.नं सावंतवाडीला नेलंत. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" तुम्ही शुद्ध मराठीत उत्तर दिलंत, "हिनं डोळा चोळला."

मी तिथंच होते, अण्णा. तिचा हात माझ्या हातात होता.

डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. पुढं जन्मभर ती तुमच्या पानात वाढताना मान पुरी वळवून बघायची. तुम्हाला ते दिसत नव्हतं? शेजारच्या काकांनी करवंटीत कसलासा किडा आणला, तेव्हा ती चहा घेऊन उभी होती, आणि तुम्ही तिच्यादेखत त्याचं नाव सांगितलंत. लगेच. त्याच आवाजात.

तुम्ही घरात नसताना मी तिला विचारलं, तुला चीड कशी येत नाही? ती हसली. "तेंका 'म्हायत नाय' म्हणाक लाज वाटता गो. जाऊंदे."

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून सांगते. तुमच्यावर रागवणं मला सोपं जातं. तिच्या त्या 'जाऊंदे'चा राग त्याहून मोठा आहे, आणि तो मी अजून कुणाजवळ बोललेले नाही.