समजुतीची वही

इंद्रपुरी, भोपाळ
१२ ऑगस्ट २०२५

ती. स्व. भालचंद्रकाकांना, जुईचा सा. न. वि. वि.

तर मागच्या पत्रात मी पताकांच्या रंगापाशी थांबले होते ना, तो रंग आता विसरा. गणपतीची नाटुकली, मुलांचा डान्स, माझं अँकरिंग, सगळं गेलं उडत.

परवा रविवारी भरदुपारी परागदादाने मंजूषाताईच्या डोक्यात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घातला. एकदा नाही, तीनदा. होय, तोच परागदादा, आरतीला तबला वाजवणारा, तुमचा लाडका. आणि मंजूषाताई, जी दर वर्षी आम्हा सगळ्यांकडून गाणी बसवून घ्यायची. शेजारच्या कमलआजी विरजण मागायला गेल्या म्हणून ती जिवंत तरी आहे. आयसीयूत आहे, शुद्धीवर नाही.

आणि रेवा नाहीये काका. त्यांची सात वर्षांची रेवा. तो तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेला. स्कूटर स्टेशनच्या स्टँडवर सापडली, ते दोघं नाही सापडले. त्याचा मोबाइल घरातच पडला होता.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. अनिकेतदादाला मेसेज केला, तर तो म्हणाला बाबांचं बीपी वाढेल, त्यांना काही कळवू नकोस. म्हणून स्पीड पोस्ट, थेट तुमच्या नावाने. दादा, हे पत्र तू आधी फोडलं असशील तर लाज बाळग आणि त्यांना दे.

ठाण्यातले साहेब म्हणतात बाप आपल्याच पोरीला घेऊन गेला, यात किडनॅपिंग कसलं, मियाँ-बीवी का मामला है, दोन-चार दिवसांत येईल परत. यापूर्वी कधी तक्रार केली होती का, असं त्यांनी विचारलं. केलीच नव्हती. कारण आपली माणसं ठाण्यात जात नाहीत ना! आपल्याकडे मंडळाची समजूत असते. तीन मोठी माणसं बसणार, चहा-चिवडा होणार, जे झालं ते वहीत लिहिलं जाणार, नवरा-बायको दोघं सही करणार, मग बाईची ओटी भरायची आणि द्यायची घरी पाठवून. तुम्हीच अध्यक्ष असताना सुरू केलेली पद्धत.

दोन वर्षांपूर्वी मंजूषाताईसाठी अशी बैठक झाली होती, हे मला माहितीये. तुम्ही कारखान्यात इन्स्पेक्शनला होतात, त्यामुळे अर्धवट काही लिहिलं नसणार. परागने मारल्याचं कबूल केलंय, खाली सही आहे आणि त्याच्यासाठी जामीन राहिलेल्या नातेवाइकाचा पत्ताही आहे. बरोबर ना? तो तिकडेच गेला असेल तर?

वही जयंतकाकांच्या कपाटात आहे. ते सेक्रेटरी म्हणून म्हणाले, आधी गणपती होऊ दे, मंडळाचं नाव पेपरात यायला नको. आम्ही कॉलेजच्या सहाजणांनी रेवाच्या फोटोची पोस्टर्स मांडवाच्या बांबूंना लावली होती, ती त्यांनी काढायला लावली. तिथे स्पॉन्सरचा बॅनर येणार आहे म्हणे. बाबा मीटिंगमध्ये पूर्ण वेळ नखं बघत बसले होते.

तुमचा शब्द जयंतकाका मोडणार नाहीत. त्यांना दोन ओळी लिहा, की वही दे. बस, एवढंच.

माया आहेच, पण आज घाई जास्त आहे.
तुमची जुई


नागपूर
१६ ऑगस्ट २०२५

चि. जुईस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अनिकेतने ते न फोडता दिलं, त्याच्यावर उगाच डाफरू नकोस. वाचून जेवण गेलं नाही. मंजूषासारखी मुलगी शोधून सापडायची नाही. ती लवकर बरी होवो.

पण तुझा सूर मला आवडला नाही, हे सांगितलं पाहिजे. लहानपणी पंगतीत तुला मोदक एक कमी आला म्हणून मांडवात आडवी पडली होतीस, तोच आवेश अजून आहे. राग चांगला असतो, पण तो कुठे काढायचा हे कळायला वय लागतं.

वहीबद्दल सांगतो. त्यात फक्त मंजूषाचं पान नाही, तीस घरांची लाज आहे. लोकांनी आमच्यावर भरवसा ठेवून तोंड उघडलं. एक पान पोलिसांकडे गेलं की उद्या सगळी वही जाईल, आणि परवा आपल्या घरचं कोणी कोणाला काही सांगणार नाही. परमुलखात राहून आपण हे टिकवलं. तुला इंग्रजी शाळेत हे शिकवलं नसेल, म्हणून लिहिलं.

मंजूषा माझ्याकडे एकदाच आली होती. तेव्हा मी परागला सगळ्यांसमोर झापलं, त्याच्याकडून शब्द घेतला. तो तापट आहे, राक्षस नाही. रेवा त्याच्या काळजाचा तुकडा आहे. बाप पोरीला खात नाही. थोडा धीर धर, आणि अभ्यासाकडे बघ.

अलकाला सांग, तुझी आई म्हणून तिने तुला जरा आवरावं. आशीर्वाद आहेतच, त्यात कमी-जास्त होत नसतं.
भालचंद्रकाका


इंद्रपुरी, भोपाळ
१९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. काकांना, सा. न. आहे, कारण आईने आधी ते लिहायला लावलं.

एकदाच?

मंजूषाताई काल शुद्धीवर आली. उजवा डोळा अजून उघडत नाही. तिने पहिलं रेवाचं विचारलं. काय सांगणार होतो आम्ही? आई तोंडात पदर धरून बाहेर गेली, मग मीच सांगितलं. ती रडली नाही. तिने हळूहळू एवढंच सांगितलं की पराग मारत असताना रेवा मध्ये आली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. तेव्हा तो थांबला आणि तिला उचलून निघाला. म्हणजे ज्या पोरीने आईला वाचवलं, ती त्या माणसाबरोबर आज नऊ दिवस आहे. आणि तुम्ही म्हणता बाप खात नाही.

आणि काका, ती तुमच्याकडे दोनदा आली होती. मी साक्षीदार आहे. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर, तुम्ही नागपूरला जायची बांधाबांध करत होतात आणि मी पुस्तकं खोक्यात भरत होते. ती आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. मला चहा करायला पाठवलंत. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही तिला सांगत होतात की मंडळाच्या पन्नाशीचा सोहळा होऊ दे, तुझी गाणी आहेत, त्याचा तबला आहे, आत्ता बभ्रा नको, मग बसू. वही उघडलीच नाहीत. तेव्हा तुमचा सोहळा होता, आता जयंतकाकांचा गणपती आहे. आपल्या लोकांचं काही ना काही व्हायचं असतंच, फक्त बाई वाचवायला कधी मुहूर्त नसतो!

मी तरी काय केलं? ट्रे ठेवला, आत गेले आणि रील्स बघत बसले. मला दिसलं होतं सगळं. ही माझी चूक मी लिहून देते आहे. तुम्ही तुमची लिहा.

तीस घरांची लाज म्हणता. कोणाची लाज, काका? मारणाऱ्यांची ना? मग ती एवढी तिजोरीत जपून का ठेवलीत?

आम्ही रोज स्टेशन, नादरा बसस्टँड, अयोध्या नगरची चाळीस-पन्नास दुकानं फिरतोय. रेवाचे पुढचे दोन दात पडलेत, हे इतक्या लोकांना सांगितलंय की आता तोंडातून आपोआप निघतं. चहावाले, ऑटोवाले विचारतात, मिली क्या बच्ची? आपल्या ग्रुपवर मात्र मोदकांचे साचे कुठे मिळतील यावर चर्चा चालू आहे. मी रेवाचा फोटो टाकला तर जयंतकाकांनी मला ग्रुपमधून काढलं.

आई म्हणते काकांशी असं बोलू नये. मी बोलत नाहीये, लिहितेय.

या वेळी शेवट गोड करायला जमत नाही.
जुई


नागपूर
२२ ऑगस्ट २०२५

चि. जुई,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र काल दुपारी आलं. चार वेळा वाचलं.

वहीतलं पान मी आठवणीतून पुन्हा लिहिलं आहे. त्या दिवशीची मंजूषाची जखम, टाके, परागची कबुली, सगळं. खाली माझी सही आहे. अनिकेतने त्याचा फोटो आजच सकाळी ठाण्याच्या साहेबांना पाठवला, त्यांच्याशी तोच बोलला. मूळ कागद सोबत आहे, तो तू स्वतः नेऊन दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

परागला जामीन राहिला होता त्याचा मावसभाऊ प्रकाश. मुलताईला तलावाच्या बाजूला त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, वर घर. हेही साहेबांना कळवलं आहे. गेल्या आठवड्यातच कळवता आलं असतं. तुझं पहिलं पत्र वाचताना मला हा पत्ता आठवला होता, जुई. आठवूनही मी तुला मोदकाची गोष्ट लिहिली.

जयंतला लिहिलं आहे की वही ठाण्यात दे, नाहीतर मी येऊन कपाट फोडतो.

दुसऱ्यांदा मंजूषा आली होती. तेही कागदावर लिहिलं आहे, तारखेसकट. कारखान्यात तडा गेलेला एक तुकडा मी पास करत नाही म्हणून साहेबाशी भांडलो होतो, दोन वर्षं बढती अडली होती. ते मी सगळ्यांना ऐकवत आलो. इथे तडा समोर बसून रडत होता आणि मी शिक्का मारून परत पाठवला.

तू चहा आणून दिलास त्याचा हिशेब मनात ठेवू नकोस. तू वीस वर्षांचीसुद्धा नव्हतीस. मी त्र्याहत्तरचा होतो.

पोरगी सापडली की मला भोपाळला यायचं आहे. मंजूषासमोर बसून माफी मागायची आहे. तिला विचारून कळव.

जमलं तर थोडी माया शिल्लक ठेव.
भालचंद्रकाका


इंद्रपुरी, भोपाळ
८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. काकांना, सा. न. वि. वि.

रेवा सापडली हे दादाने तुम्हाला लगेच सांगितलंच असेल. तुमचा कागद वाचल्यावर साहेबांचा मियाँ-बीवीचा मामला एका मिनिटात बदलला. दुसऱ्या दिवशी मुलताईला गाडी गेली. पराग दुकानात मशीनला तेल घालत होता म्हणे, आरामात. तो आत आहे. प्रकाशचं म्हणणं, त्याला काही माहीतच नव्हतं, पोरगी खूप शांत होती. शांत असणारच. तिला सांगितलं होतं की आई मेली, आणि ती तू चावलीस म्हणून मेली.

सध्या दोघी आमच्याकडे आहेत. मंजूषाताईचा डोळा उघडला, अंधूक दिसतं. रेवा पाणी प्यायलासुद्धा विचारून जाते. बाबा जोरात शिंकले तरी ती टेबलाखाली असते. बाबा आता शिंक आली की अंगणात पळतात. तेवढं तरी शिकले.

आता मंडळाचं ऐका. शेवटच्या दिवशीच्या आरतीनंतर जयंतकाकांनी भाषण केलं, की मंडळाच्या सहकार्याने आपली एक लेक सुखरूप परत आली. टाळ्या! मग काका, मी स्टेजवर गेले, माइक घेतला आणि तुमच्या कागदाची झेरॉक्स वाचायला लागले. पहिल्या चार ओळींतच त्यांनी माइक बंद करायला लावला. मी तसंच ओरडून वाचलं, दुसऱ्यांदा मंजूषा आली तेव्हा मी वही उघडली नाही, इथपर्यंत. अर्धे लोक चपला शोधायला लागले. कोणीतरी म्हणालं, गणपतीसमोर शोभतं का हे. कमलआजी खुर्चीतून न उठता म्हणाल्या की गणपतीला सगळं आधीच माहितीये, तुम्ही ऐका.

आणि तुम्ही ज्या तीस घरांची काळजी करत होतात ना, त्यातल्या चार बायका दुसऱ्या दिवशी आईकडे आल्या. आपापल्या पानाची कॉपी पाहिजे म्हणाल्या. एकीचं पान अकरा वर्षांपूर्वीचं आहे. वही आता ठाण्यात आहे, आम्ही अर्ज लिहितोय. चारही बायकांना मी आधी फक्त हळदीकुंकवात हसताना पाहिलं होतं.

मी अजून चिडलेली आहे, तुमच्यावरसुद्धा. पण तुम्ही लिहिलंत, आणि इथे कोणीच लिहिलं नाही. तेही विसरणार नाही.

घरचे सगळे बरे आहेत, तब्येत सांभाळा, आणि माझ्यावरचा लोभ या रागासकट चालू ठेवा.
तुमची जुई

ता. क. तुमची माफीची गोष्ट मी मंजूषाताईला विचारली. ती बराच वेळ रेवाच्या केसांतून कंगवा फिरवत राहिली. मग म्हणाली, काका मनापासून आलेत हे मला कळेल गं, पण ते दारात आले की मी सवयीने वाकेन, त्यांच्या पाया पडेन. रेवा बघत असेल. आणि मला आता तिच्यासमोर कोणापुढे वाकायचं नाहीये. एवढंच बोलली, या किंवा येऊ नका असं काही म्हणाली नाही. मी तिला पुन्हा विचारणार नाही. आता तुम्हीच सांगा काका, तुम्हाला काय वाटतं, तुम्ही यावं का?