परसातल्या खोलीचं भाडं

महागाव,
ता. ५ जानेवारी १९६२

चि. पुंडलिकास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्यासारखाच एक बाबू घरांची पाहणी करत इथं आला होता. परसातल्या खोलीचं भाडं किती, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. त्याला पटेना. शाळेतला शिपाई देवीलाल आणि त्याची सुखीबाई तिथं राहतात, हे तुला ठाऊकच आहे. रोज पहाटे सुखीबाई मधल्या भिंतीवर मुसळ ठोकते, मी इकडून लाटणं ठोकते. म्हातारी उठली, एवढं तिला कळतं आणि ती चुलीकडे वळते. हे त्या बाबूला काय सांगायचं? तुमच्या खात्यात अशा बिऱ्हाडाचं काय करतात ते कळव.

वेळेवर जेवत जा, नाहीतर इतका वाळशील की लग्नात नवरदेव शोधत फिरावं लागेल.

तुझी आत्या,
भागीरथा

वणी,
ता. १६ जानेवारी १९६२

ती. आत्यास पुंडलिकचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. आमचा नियम असा, की भाडं नसेल तर बिनभाड्याचं लिहायचं आणि तशी खोली आसपास कितीला जाते ते विचारून अंदाज मांडायचा. तुझ्या खोलीचे आठ रुपये तरी कुठं जात नाहीत. आत्या, तू भोळी आहेस. फुकट राहणारे एकदा रुळले की उठवणं जड जातं. देवीलालकडून निदान आठ रुपये घेत जा.

माझा घरमालक फक्त एक तारखेला दार वाजवतो. मधल्या दिवसांत मी मेलो तरी त्याला पत्ता लागायचा नाही. इथली संध्याकाळ खायला उठते. संक्रांतीला रजा मिळाली नाही म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा,
पुंडलिक

महागाव,
ता. २ फेब्रुवारी १९६२

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

तुला काळजी नको म्हणून एक गोष्ट कळवली नव्हती. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. अंदाजानं मोठं मोठं लिहिता येतं, पण तुझं बारीक अक्षर दिसत नाही. तुझी पत्रं मला देवीलाल वाचून दाखवतो. आठ रुपयांचं हे पत्रही त्यानंच वाचलं. एक शब्द गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं आठ रुपये आणून ठेवले. मी घेतले नाहीत, जाऊ नका म्हणून हाताला धरून विनवलं. तो म्हणाला, बाई, तुमच्यावर राग नाही, पण आता मले त्या खोलीत झोप लागून नाही राह्यली. रविवारी गाडीत सामान भरून दोघं आपल्या लोकांत, तांड्यावर राहायला गेली. सुखीबाई गळ्यात पडून रडली.

तुझ्यावरही माझा राग नाही. तू नियम लिहिलास. पण मला भाडं रोज मिळत होतं रे.

आज पहाटे सवयीनं मीच भिंतीवर ठोकलं आणि बराच वेळ कान लावून बसले. फार एकटं वाटतं.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. वाचून दाखवायला कुणी नाही. जमलं तर तूच ये.

तुझी आत्या,
भागीरथा